दिवसा पडणाऱ्या उल्का

आम्ही नाशिकहून निघालो त्या दिवसापर्यंत शर्वी कधीही नेटवर्कच्या बाहेर गेली नव्हती. सहा वर्षांची मुलगी. तिने समुद्र पाहिला होता, कारण किनाऱ्यावर टॉवर होता. माझ्या माहेरचं गाव पाहिलं नव्हतं, कारण घाट उतरायला लागलो की मोबाइलवरच्या दांड्या एकेक करून गळायच्या आणि मी निनादला गाडी वळवायला लावायचे.

ती दोन वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर असतो आणि कमरेला काड्यापेटीएवढा पंप. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा नाशिकच्या रुग्णालयात पाठवतो. तिथल्या यंत्रणेला शर्वीची चार वर्षं तोंडपाठ आहेत. तापात साखर कशी चढते, वाढदिवसाच्या गडबडीत कशी उतरते, सगळं. जेवायला बसलं की मी फक्त ताट सांगायचं, दीड पोळी, वाटीभर वरण, आणि यंत्रणा पंपाला किती इन्सुलिन सोडायचं ते कळवते. सुरुवातीला रुग्णालयाने आम्हा आयांचा वर्ग घेऊन हा हिशेब हाताने करायला शिकवला होता. यंत्रणा आल्यावर मी तो विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा, विसरता आला याचंच मला बरं वाटलं.

“तू तिला टॉवरला बांधून ठेवलंयस, सानिका,” निनाद म्हणायचा. भांडणात नाही, भाजी चिरता चिरता. म्हणून जास्त लागायचं.

मग डबा आला.

शर्वी जन्मली त्याच उन्हाळ्यात खालच्या कक्षेतले दोन उपग्रह एकमेकांवर आदळले होते. त्यांच्या तुकड्यांनी तिसरा फोडला, तिसऱ्याच्या तुकड्यांनी आणखी दहा, आणि दोनेक वर्षांत उपग्रहांवरून मिळणारं स्वस्त इंटरनेट संपलं. शहरांचं काही बिघडलं नाही, त्यांच्या तारा जमिनीखालून जातात. डोंगर, वाळवंटं, समुद्र मात्र मुके झाले. तेव्हा कुणीतरी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची, अर्धवट सोडून दिलेली एक कल्पना झटकून बाहेर काढली.

ती अशी. रोज कोट्यवधी उल्का आपल्या वातावरणात शिरतात. आपण रात्री पाहतो त्या मोठ्या, क्वचितच्या. बाकीच्या वाळूच्या कणाएवढ्या, काही त्याहून बारीक. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर त्या जळून जातात, आणि जळताना मागे विद्युतभारित हवेची एक रेघ सोडतात. दहा-वीस किलोमीटर लांबीची, आणि जेमतेम अर्धा सेकंद टिकणारी. त्या रेघेवर रेडिओलहर पडली तर आरशावरून कवडसा पडावा तशी ती हजार-दीड हजार किलोमीटर पलीकडे जाऊन पडते. पूर्वीच्या यंत्रांना मोठ्या रेघाच तेवढ्या सापडायच्या. नव्या डब्याला बारीकातल्या बारीक कणाची रेघही चाहूल लागताच पकडता येते. रेघ लागली की तो ‘टिंग’ असा वाजतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात चाळीसेक अक्षरं पलीकडे गेलेली असतात.

बाजारात त्याचं नाव भारदस्त होतं. गाडीतच घर करून फिरणारे कॅम्परवाले त्याला डबा म्हणायचे, आणि ‘रेंज आली का’ऐवजी ‘रेघ लागली का’ असं विचारायचे.

मी तीन महिने त्याबद्दल मिळेल ते वाचलं. चाळीस अक्षरांत शर्वीचा आकडा बसतो, पंपाचा हुकूमही बसतो. पहाटेनंतर मिनिटाला आठ-दहा रेघा लागतात. मग मी हो म्हणाले. निनादने भाड्याने कॅम्पर घेतला, आत दोन पलंग, गॅस, न्हाणी, वर सौरपत्रे. टपावर डबा बसवला आणि शर्वीला शब्द दिला की तिला बर्फ दाखवू.

डबा सुरू करताना त्याने पहिल्याच पडद्यावर विचारलं, कोणते संदेश तातडीचे समजायचे? समोर यादी होती. मी ‘सगळे’ दाबलं.

हिमाचलातल्या किन्नौरमध्ये बारीक पाऊस लागला तेव्हा निनादने पुढच्या काचेकडे बोट दाखवलं. “बघ शर्वी, थेंब पुढच्या काचेवर जास्त आणि मागच्या काचेवर कमी. का?”

“कारण आपण पुढे चाललोय.”

“पृथ्वीपण चाललीय सूर्याभोवती. आपला गाव सकाळी पुढच्या काचेवर असतो, म्हणून सकाळी उल्का जास्त. संध्याकाळी मागच्या काचेवर जातो, म्हणून कमी.”

शर्वीने काचेला नाक लावून वर पाहिलं. “म्हणजे आत्ता दिवसापण पडतायत?”

“पडतायत. दिसत नाहीत इतकंच.”

त्याच वेळी डबा टिंगला. पडद्यावर ती रेघ कुठे उमटली होती ते आलं, सवाई माधोपूरच्या वर, शहाण्णव किलोमीटरवर. मी गाडी चालवत नव्हते, तरी माझे हात दाराच्या मुठीवर घट्ट झाले. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचा धुळीचा एक कण अब्जावधी वर्षं अंधारात फिरत होता, आणि आत्ता, भर दुपारी, राजस्थानच्या निळ्या आभाळात जळून गेला, आणि जाता जाता माझ्या मुलीची साखर एकशे अडतीस आहे हे नाशिकला सांगून गेला.

*

स्पितीत लोसरच्या अलीकडे नदीकाठी एक मोठं मैदान आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे आमच्यासारखे अकरा कॅम्पर होते. शेजारी चक्क एक जुनी एसटी होती. लिलावात घेऊन घर केलेली, खिडक्यांना पडदे, टपावर तुळस. ती यवतमाळच्या गावंडेकाकांची. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले, आणि आता बायकोला घेऊन त्याच जातीच्या गाडीत देश फिरणारे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शर्वीने बर्फ पाहिला. मूठभर उचलून तिने तो आधी निनादच्या शर्टात घातला. मग टोपी घालून आजीसाठी गाणं म्हटलं. मी त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ सासूबाईंना पाठवला आणि भात टाकायला आत गेले.

दारावर टकटक झाली. गावंडेकाका होते.

“वहिनी, राग नका मानू. तुमचा डबा सारं आभाळ खाऊन राहिला.”

“म्हणजे?”

“अवो, रेघ तर सगळ्यायची एकच असते. ज्याचं तातडीचं, त्याले आधी भेटते. तुमचं कालपासून सारंच तातडीचं. आमचा डबा गपगार. पोरगी वर्ध्याले बाळंतपणासाठी अडमिट हाये, काही खबरबात नाही.”

मला ओशाळल्यासारखं झालं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “आमची मुलगी आजारी असते, काका. तिचं तातडीचंच असतं.”

त्यांनी आत पलंगावर उड्या मारणाऱ्या शर्वीकडे पाहिलं. “बरं,” म्हणून गेले.

मी दार लावलं. नंतर बघू असं ठरवलं, आणि बघितलं नाही.

*

संध्याकाळी पाचला शर्वी पोटभर जेवली. मी ताट कळवलं. ताटाच्या निरोपाला डब्यात वेगळी वाट असते; तरी पंपाचा हुकूम यायला एरवीपेक्षा वेळ लागला, पण आला, आणि इन्सुलिन गेलं. पाऊण तासाने तिने सगळं जेवण उलटून टाकलं. उंचीचा त्रास होता तो, चौदा हजार फुटांवर मोठ्यांनाही होतो. पण मी आधी पंप बंद केला, कारण जेवण बाहेर पडलं तरी त्याच्यासाठी दिलेलं इन्सुलिन आतच होतं. पंप बंद करता येतो. दिलेलं परत काढून घेता येत नाही.

आकडा ८४ होता. पाच मिनिटांनी ७३. मग ६५.

गालात ग्लुकोजची पूड चोळली, तिने थुंकली. साखरपाणी दिलं, तेही उलटलं.

“आई, आपण कुठे आहोत?”

“लोसरला, राणी.”

“आई, आपण कुठे आहोत?”

निनादने आमच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. “काझाला जाऊ. दवाखाना आहे तिथे.”

तो दार उघडून उतरला तेव्हा गावंडेकाका बाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि उभे राहिले. निनादने दोन वाक्यांत सांगितलं.

“काझाच्या रस्त्यावरचा नाला पार नाही होणार,” काका म्हणाले. “दुपारभर बर्फ वितळून त्याले पूर आला असन. सकाळी उतरते. आता गाडी घातली तर तिघंही जाल.”

आमच्याकडे एक उपाय होता. लाल डबीतलं इंजेक्शन, साखर वर आणणारं, एकच कुपी. सगळं दिलं तर साखर झपकन चढते, पण त्याने बहुतेक मुलांना पुन्हा जोरात उलट्या होतात, आणि त्यानंतर आठ-दहा तास पोटात काही ठरलं नाही तर हातात दुसरं काहीच नसतं. थोडं थोडंही देता येतं. किती थोडं, ते मला त्या वर्गात शिकवलं होतं. मला वर्गातला पंखा आठवत होता, शिकवणाऱ्या नर्सच्या बांगड्या आठवत होत्या. आकडा आठवत नव्हता.

मी नाशिकला आमच्या डॉक्टर फडतरे मॅडमना विचारलं होतं. वीस मिनिटं झाली होती. डबा मध्येच टिंगत होता, उत्तर नव्हतं.

“रांग पाह्यली का?” गावंडेकाका दारातून म्हणाले.

“कसली रांग?”

ते आत आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावर बोट सरकवलं. पाठवायचे तुकडे, दोन हजार एकशे बारा. सगळ्यांपुढे तातडीची लाल खूण. शर्वी १४२. शर्वी १३९. सासूबाईंना ‘जेवलो’. सासूबाईंना ‘थंडी आहे पण ठीक’. मग एकोणीसशे तुकडे नुसते त्या व्हिडिओचे. आणि सगळ्यात शेवटी, दोन हजार एकशे बारावा, माझा प्रश्न.

“हे सारं तातडीचं?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं वाटलं असतं.

मी सगळं पुसलं. शर्वीचं गाणं गेलं, आकडे गेले. एकच ओळ ठेवली. *शर्वी ६१. जेवण उलटलं. इंजेक्शन किती?*

“संध्याकाळ हाये, रेघा कमी,” काका म्हणाले. “थांबा. मी सगळ्यायचे डबे बंद करायले लावतो.”

“पण तुमची मुलगी...”

“तिच्यापाशी डॉक्टर हाये, वहिनी.”

ते मैदानात गेले. तीस वर्षं स्टँडवर गावांची नावं पुकारलेला आवाज होता तो. “डबे बंद करा हो! लेकरू आजारी हाये! डबे बंद करा!” एकेका गाडीचं दार उघडलं. टपावरचे हिरवे दिवे एक-एक करून विझले. मैदानभर कुठे ना कुठे चालू असलेलं टिंगटिंग थांबलं. नदीचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. सगळे आमच्या टपाकडे पाहत उभे होते. त्यांच्यावर शेवटचं ऊन होतं, आणि त्याच्याही वर ते प्रचंड रिकामं आभाळ. आता त्या आभाळात जे काही जळणार होतं, ते माझ्या मुलीसाठी जळणार होतं.

टिंग. प्रश्न गेला.

मी घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट. अडीच. चार. आकडा ५७.

टिंग.

पडद्यावर उमटलं, *तुकडा ३ पैकी ३ : पंधरा मिनिटांनी मोजा. गरज पडली तर पुन्हा.*

“पहिले दोन?” निनाद म्हणाला. “सानिका, पहिले दोन कुठेत?”

पाठवणारं केंद्र हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, हे मला माहीत होतं. त्याला फक्त रेघ हवी. आणि रेघ कुणाच्या हातात नसते. लाखो किलोमीटरवरून एखादा कण यायचा आहे, तो आला की येईल.

शर्वीने तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते वाईट होतं. मी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. घाम नाकाच्या शेंड्यावर होता, अजून कपाळावर आला नव्हता. वरचा ओठ पांढरा, खालचा लाल. हात हातात घेतला तर बोटं आवळत होती, उशिरा, पण आवळत होती. कपाळावर घाम आला की तिला गिळता येत नाही. म्हणजे अजून थोडा वेळ होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत यंत्रणेने कधी विचारलंही नव्हतं, कारण तिला आकडा पुरत होता.

‘गरज पडली तर पुन्हा.’ सगळं द्यायचं असतं तर पुन्हा द्यायला उरलं नसतं. म्हणजे थोडं. मी डोळे मिटले, आणि वर्गातल्या त्या नर्सचा आवाज आला, जितकं वय तितके युनिट, ताई. वय सहा. पण शर्वी अंगाने लहान आहे, तिला पाच वर्षांच्या मुलीचे कपडे बसतात, आणि पोट रिकामं आहे.

“पाच,” मी म्हणाले.

“नक्की?” निनादने विचारलं.

“नाही. पण पाच.”

मी लाल डबीतल्या कुपीतलं औषध इन्सुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये पाच युनिट ओढलं आणि तिच्या मांडीत टोचलं. ती रडलीही नाही. मग मी तिला मांडीवर घेऊन बसले. सेन्सर ५५ म्हणाला. मग ५५. आकडा तसाच राहिला तेव्हा मी पहिला श्वास घेतला.

टिंग. *तुकडा ३ पैकी २ : वयाएवढे युनिट, म्हणजे सहा.* लगेच दुसरी रेघ लागली. *तुकडा ३ पैकी १ : पूर्ण नको. लहान मात्रा.*

निनादने ते मोठ्याने वाचलं आणि गाडीच्या पायरीवर बसून रडला. बाहेरून गावंडेकाकूंनी विचारलं, “काय म्हणते वो डॉक्टर?” आणि मी शर्वीच्या नाकाच्या शेंड्यावरचा घाम पदराने पुसला. ६२. ७१. ८०. तिने मान वर केली आणि बिस्कीट मागितलं.

*

उजाडताना काकांच्या डब्यावर वर्ध्याहून खबर आली, मुलगा झाला, दोघंही बरे आहेत. काकूंनी मैदानातल्या सगळ्यांना साखर वाटली. शर्वीच्या हातावर ठेवताना थबकल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ९६ होती.

नाल्याचं पाणी उतरलं का ते बघायला निनाद गेला. आता काझाला जाऊन तिला दाखवायचं आणि मग परत फिरायचं, असं आमचं ठरलं होतं. मी सामान आवरत असताना डबा वाजला, आणि मग थांबेचना. सातच वाजले होते, ऊन लखलखीत होतं, आभाळ इतकं निळं की डोळ्यांत पाणी यावं. जूनच्या या आठवड्यात मेष राशीकडून एक मोठा उल्कावर्षाव येतो, सूर्याला लागूनच, त्यामुळे माणसाने तो डोळ्यांनी कधी धड पाहिलेला नाही. अकराच्या अकरा डबे एकदम वाजत होते. लोक गाड्यांतून बाहेर येऊन वर पाहत होते. तिथे काही दिसत नव्हतं, तरी मान खाली करावीशी वाटत नव्हती. हे रोज होत होतं. आमच्या गच्चीवर, शाळेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मी टॉवर शोधत मान खाली घालून फिरत होते त्या सगळ्या सकाळी हे वर चालू होतं.

पाच युनिट दिल्याचं मी रात्रीच कळवलं होतं; त्यावर फडतरे मॅडमचा निरोप या वेळी एकसलग आला.

*पाच युनिटांवर भागलं. बरं झालं, सहाने कदाचित पुन्हा उलटी झाली असती. पाच कसं ठरवलंत? आकडे माझ्याकडे आहेत. तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा. माझ्याकडे अशी आणखी चाळीस मुलं आहेत, त्यांना घरचे नेटवर्कच्या बाहेर नेत नाहीत.*

मी ते दोनदा वाचलं. चाळीस मुलं. चाळीस घाट, जिथून गाडी वळते.

मी पायरीवर बसले. शर्वी माझ्या गुडघ्याला टेकून बसली. डब्याने संदेश कोणत्या प्रकारचा ते विचारलं. मी ‘साधा’ दाबलं आणि लिहायला लागले.

*आधी ती एकच प्रश्न दोनदा विचारते.* टिंग.

*मग विचारायची थांबते. तेव्हा जपायचं.* टिंग.

*घाम आधी नाकाच्या शेंड्यावर येतो.* टिंग.

*कपाळावर येईपर्यंत ती गिळू शकते.* टिंग.

“ते कुठे गेलं?” शर्वीने वर बघत विचारलं.

“नाशिकला. तू विचारेपर्यंत पोचलंसुद्धा.”

“आणि तो दगड?”

“तो संपला.”

ती गप्प झाली. मी सवयीने तिच्या नाकाकडे पाहिलं. कोरडं होतं, ती नुसती विचार करत होती. माझी बोटं थांबली होती. मला आणखी काय माहीत आहे हे मीच आठवत होते, आणि खूप होतं, ओठांचा रंग, बोटांची पकड, झोपेत पाय हलवायची तऱ्हा. एका बैठकीत संपणारं नव्हतं.

शर्वीने माझा दंड हलवला.

“थांबलीस का?” ती म्हणाली. “लिही ना. अजून पडतायत.”